आज्ञेचे समानार्थी शब्द : रोम, कँटन, नानकिंग

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यापुढे एडिक्ट, डिक्री, मॅन्डेट, ऑर्डिनन्स, फिआट हे शब्द बहुधा एकाच ओळीत येतात. कोशात त्यांतील बहुतेकांसमोर 'फालिंग' हा एकच चिनी शब्द किंवा त्याचे एखादे भावंड दिलेले असते. विद्यार्थी ती ओळ पाठ करतो आणि मग न्यायालयाला एडिक्ट काढायला लावतो व सम्राटाच्या तोंडी इन्जंक्शन घालतो. आपल्याकडे कोर्टाची डिक्री म्हणजे हुकूमनामा, इन्जंक्शन म्हणजे मनाई हुकूम, राज्यपाल काढतात तो अध्यादेश आणि मंत्रालयातून निघतो तो जी. आर., हे व्यवहारानेच अंगवळणी पडलेले असते. कोशावर विसंबणाऱ्याला ती सोय नाही.

आमच्या मते हा गोंधळ केवळ पाठांतराच्या उणिवेतून होत नाही. आज्ञांचे वर्गीकरण करताना दोन भाषा दोन निरनिराळे प्रश्न विचारतात. आजची इंग्रजी विचारते, ही आज्ञा कोणत्या सत्तेची : न्यायालयाची, संसदेची, राजाची की धर्मपीठाची? चिनी राजभाषा विचारीत आली, लिहिणारा वर आहे की खाली, आणि त्याने आपण होऊन लिहिले की कोणी विचारले म्हणून? एकोणिसाव्या शतकात हे दोन प्रश्न समोरासमोर आले.

मौज अशी की इंग्रजीच्या या शब्दांनाही एके काळी चिनी शब्दांसारख्याच पायऱ्या होत्या. रोमन कायद्यात सम्राटाच्या आज्ञांचे चार प्रकार सांगितले जात. सर्वांसाठी जाहीर केलेले ते एडिक्टम, खटल्यात दिलेला निर्णय ते डिक्रेटम, अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना ते मँडाटा आणि कोणी अर्ज किंवा पृच्छा केली असता पाठवलेले लेखी उत्तर ते रिस्क्रिप्टम. लॅटिनमधून, आणि बरेचदा फ्रेंचमार्गे, हे शब्द इंग्रजीत आले तेव्हा त्यांच्यामागची रोमन कचेरी आली नाही. वळण उरले, व्यवस्था गेली. म्हणूनच ते आज समानार्थी शब्दांच्या यादीत शेजारी शेजारी बसू शकतात.

चीनमध्ये व्यवस्था टिकली. इ. स. पू. २२१ मध्ये देश एकछत्री झाल्यावर पहिल्या छिन सम्राटाने आपल्या आज्ञांची नावे बदलली. पूर्वीच्या राजांसाठी चालत आलेले शब्द त्याला पुरेसे वाटेनात. तेव्हापासून 'झाओ' हा शब्द सम्राटाच्या घोषणेपुरता राखून ठेवला गेला. 'मी' या अर्थाचे 'झेन' हे सर्वनामसुद्धा त्याने स्वतःकडे घेतले. छिंग राजवटीत (१६४४–१९१२) ही वर्गवारी फार बारकाईने पाळली जाई. सम्राटाने आपण होऊन काढलेली आज्ञा 'यू'. खालून आलेल्या निवेदनावर दिलेली ती 'झी'. विशिष्ट व्यक्तीला, उदाहरणार्थ मांडलिक राजाला उद्देशून धाडलेली ती 'छी'. निवेदनाच्या समासात सम्राट लाल शाईने शेरा मारी. असंख्य कागदांवर तो शेरा 'कळले' एवढाच आहे.

'यू'वर मात्र सम्राटाची मक्तेदारी नव्हती. वरिष्ठाने कनिष्ठाला सांगितले की ते 'यू', आणि कनिष्ठाने वरिष्ठाला विनविले की ते 'बिंग'. कँटनच्या व्यापारात कित्येक वर्षे हेच चालले. परदेशी व्यापाऱ्यांचे म्हणणे चिनी होंग व्यापाऱ्यांच्या हातून 'बिंग' म्हणून वर जाई आणि उत्तर 'यू' म्हणून खाली येई. १७९३ मध्ये मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर छिएनलुंग सम्राटाने तिसऱ्या जॉर्जला जे धाडले तेही याच रीतीचे, 'छी-यू' होते. पेकिंगमधील मिशनऱ्यांनी त्याचे लॅटिन भाषांतर करताना त्यातला चढा सूर बराच खाली आणला. इंग्रजी पुस्तकांत त्याला कुठे पत्र म्हटले आहे, कुठे एडिक्ट. पत्र म्हटले की दोन राजे समोरासमोर बसतात, एडिक्ट म्हटले की एक सिंहासनावर आणि दुसरा पायरीशी.

१८३४ मध्ये ही पायरी उघड दिसली. ईस्ट इंडिया कंपनीची चीन व्यापारातील मक्तेदारी संपली होती. व्यापाराचा मुख्य अधीक्षक म्हणून लॉर्ड नेपिअर जुलैमध्ये कँटनला पोचला. आपल्या आगमनाची वर्दी पत्राने द्यावी, असे त्याला लंडनहून सांगितलेले होते. पत्र घेऊन गेलेला त्याचा सचिव नगराच्या वेशीपाशी तासन्‌तास उभा राहिला; येणारा-जाणारा एकही अधिकारी पत्राला हात लावीना. मजकूर काय आहे हा प्रश्नच नव्हता. पत्रावर 'बिंग' नव्हते, आणि ते होंग व्यापाऱ्यांमार्फत आलेले नव्हते. नेपिअर हटला नाही, सुभेदार लू कुनही हटला नाही. सुभेदाराच्या आज्ञापत्रांत नेपिअरला 'यीमू' म्हटले होते. 'यी' म्हणजे परकीय आणि 'मू' म्हणजे म्होरक्या. पण 'मू'चा मूळ अर्थ डोळा, आणि 'यी'साठी तेव्हाच्या इंग्रजांना रानटी हा शब्द सुचत असे. तेव्हा इंग्रजी भाषांतरात हा उमराव 'रानटी डोळा' झाला! दुभाष्या होता रॉबर्ट मॉरिसन, चिनी-इंग्रजी कोशाचा कर्ता आणि चिनी मुलांसाठी इंग्रजी व्याकरण (१८२३) लिहिणारा. तो १ ऑगस्टला वारला. नेपिअर ऑक्टोबरमध्ये मकाव येथे वारला. पुढे चार्ल्स एलियटने व्यवहार चालावा म्हणून 'बिंग' हा शब्द पत्करला, तर पामर्स्टनने त्याला तो वापरू नये अशी ताकीद दिली.

युद्ध १८३९ मध्ये पेटले ते अफूवरून. शब्दांवरून पेटले असे म्हणणे हा भाषेच्या प्राध्यापकांचा भाबडेपणा ठरेल. पण युद्ध संपवणाऱ्या तहात शब्दांसाठी एक अख्खे कलम खर्ची पडले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगजवळ 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर तहावर सह्या झाल्या. (ही नौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधली होती, १८१३ मध्ये ती पाण्यात उतरली.) त्या तहाचे अकरावे कलम आमच्या मते अनुवादाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावे असे आहे. ब्रिटिशांचा सर्वोच्च अधिकारी आणि चिनी वरिष्ठ अधिकारी यांनी एकमेकांना जे लिहायचे ते 'कम्युनिकेशन', चिनीत 'झाओहुई'. यातला 'झाओ' सम्राटाच्या 'झाओ'सारखाच ऐकू येतो, पण अक्षर निराळे आहे. हा शब्द केवळ 'कळविणे' या अर्थाचा. आज्ञा नाही, विनंतीही नाही. ब्रिटनला हवी होती ती बरोबरी या शब्दात मिळाली.

खरी गंमत पुढल्या ओळींत आहे. दुय्यम ब्रिटिश अधिकाऱ्याने चिनी वरिष्ठाला लिहायचे ते 'स्टेटमेंट', आणि त्या वरिष्ठाने त्याला लिहायचे ते 'डिक्लरेशन'. इंग्रजीत हे दोन शब्द एकाच पातळीवर उभे दिसतात. चिनीत त्यांच्या जागी 'शेनचेन' आणि 'झाशिंग' आहेत. पहिला खालून वर सादर होतो, दुसरा वरून खाली फर्मावला जातो. व्यापाऱ्यांसाठी शब्द ठरला 'रिप्रेझेंटेशन'; चिनी मजकुरात तेथे 'बिंगमिंग' आहे. म्हणजे नेपिअरने ज्या 'बिंग'ला नकार दिला, ते तहात शिल्लक राहिलेच, फक्त दोन्ही देशांच्या व्यापाऱ्यांपुरते. इंग्रजी मसुद्याच्या वाचकाला यातले काही जाणवत नाही. इंग्रजी शब्द हेतुपुरस्सर फिके निवडले असावेत की ती भाषेचीच मर्यादा होती, यावर विद्यार्थ्यांनी वाद घालावा. आम्हांला पहिली शक्यता अधिक पटते, कारण भांडण मिटवायचे तर फिका शब्दच कामी येतो.

१८५८ च्या त्येनत्सिन तहाने फिकेपणाही ठेवला नाही. एक्कावन्नाव्या कलमाने ब्रिटिश सरकार व प्रजेसाठी 'यी' हे अक्षर सरकारी कागदांत वापरण्यास बंदी घातली. लिडिया ल्यू यांनी २००४ मधल्या आपल्या पुस्तकात या एका अक्षराचा सविस्तर माग काढला आहे. पन्नासाव्या कलमानुसार ब्रिटिशांचे सरकारी लेखन इंग्रजीत होणार होते, तूर्त चिनी भाषांतर सोबत जोडून; अर्थाबद्दल मतभेद झाला तर इंग्रजी पाठ प्रमाण. मग इंग्रजी वाचणारी स्वतःची माणसे चिनी दरबाराला तयार करावी लागली. १८६२ मध्ये पेकिंगला 'थुंगवेनग्वान' ही भाषाशाळा उघडली ती त्यासाठी. तिथल्या मुलांना इंग्रजी शिकायचे होते ते खलिते वाचण्यासाठी. कोणता शब्द आज्ञेचा आणि कोणता केवळ माहितीचा, हा त्यांच्यासाठी परराष्ट्र खात्याचा प्रश्न होता.

साम्राज्य १९१२ मध्ये संपले, पायऱ्या संपल्या नाहीत. २०१२ मध्ये चीनमध्ये पक्ष व शासन यांच्या कागदपत्रांसाठी जे नियम लागू झाले त्यांत १५ प्रकार दिले आहेत. कनिष्ठ कार्यालयाने मार्गदर्शन किंवा मंजुरी मागायची ती 'छिंगशी' लिहून, वरिष्ठाने उत्तर द्यायचे ते 'पीफू'ने. एकमेकांच्या अधीन नसलेल्या कार्यालयांसाठी 'हान' हे वेगळे पत्र आहे. 'पीफू'ला इंग्रजीत काय म्हणावे असे विचारले तर चिनी विद्यार्थी रिप्लाय लिहितो, किंवा अप्रूव्हल. रोमन कायद्याने पाहिले तर नेमका शब्द रिस्क्रिप्ट हा आहे. तो आज व्हॅटिकनच्या कागदांबाहेर क्वचितच भेटतो, आणि परीक्षेत लिहिला तर तपासनीस बहुधा त्याखाली लाल रेघ ओढील.