श्वार्ट्‌झ, क्रिस्टिअन फ्रीड्रिक

श्वार्ट्‌झ, क्रिस्टिअन फ्रीड्रिक : (ऑक्टोबर १७२६ – १३ फेब्रुवारी १७९८). तमिळ प्रांतात सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे अध्यापन व धर्मसेवा करणारे जर्मन लूथरन पाद्री आणि तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांचे गुरू व पालक. त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने त्रिचनापल्ली व तंजावर या गावी झाले असले, तरी मद्रास (सध्याचे चेन्नई) येथील सरकार, तेथील मिशन व तेथील चर्च यांच्याशी त्यांच्या चरित्राचे धागे अखेरपर्यंत गुंतलेले होते.

जीवन : जन्म प्रशियातील झोनेनबुर्ग (सध्या पोलंडमध्ये) येथे. आईचे छत्र बालपणीच हरपले. मुलाला धर्मकार्यास वाहावे, ही तिची अंतिम इच्छा होती. हाल येथील विद्यापीठात शिकत असताना, मद्रासमध्ये मिशन स्थापून स्वदेशी परतलेले बेंजामिन शुल्ट्‌स यांच्याकडून त्यांनी तमिळचे पहिले पाठ घेतले. १७४९ मध्ये कोपनहेगन येथे धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन १७५० मध्ये ते डॅनिश अमलाखालील त्रंकेबार (तरंगंबाडी) येथे दाखल झाले आणि काही महिन्यांतच तमिळमध्ये प्रवचन करू लागले. पुढे तेलुगू, फार्सी व पोर्तुगीज यांबरोबरच, तंजावरच्या दरबाराशी प्रसंग पडू लागल्यावर, त्यांनी मराठीचाही अभ्यास केला. १७६६ च्या सुमारास त्रिचनापल्ली व १७७८ पासून तंजावर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. ते आजन्म अविवाहित राहिले. राहणी अत्यंत साधी ठेवून, शिबंदीचे पाद्री म्हणून सरकारकडून मिळणारे वेतन त्यांनी बव्हंशी शाळा व प्रार्थनामंदिरे यांच्या कामी लावले.

दरबार व युद्धकाळ : १७७९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस रम्बोल्ड यांनी त्यांना म्हैसूरच्या हैदर अलीकडे गुप्त वकिलातीवर श्रीरंगपट्टणास धाडले. सलोख्याचा हेतू सफल झाला नाही; परंतु हैदराने प्रवासखर्चासाठी दिलेली रुपयांची थैली श्वार्ट्‌झ यांनी परतल्यावर सरकारजमा करू पाहिली आणि सरकारने ती त्यांनाच ठेवून घेण्यास सांगितले, तेव्हा तिचा विनियोग त्यांनी तंजावर येथील अनाथ मुलांच्या शाळेसाठी केला. पुढील वर्षी हैदर व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात युद्ध पेटले. तंजावरच्या किल्ल्यात आश्रितांची दाटी झाली आणि शहराभोवतीच्या मुलखात धान्य असूनही उपासमार होऊ लागली. कारण पूर्वी मोबदला बुडाल्याचा कटू अनुभव घेतलेली रयत आपले बैल व गाड्या सरकारी हवाल्यावर देण्यास तयार नव्हती. अशा वेळी राजे तुळजाजी यांनी श्वार्ट्‌झ यांना मध्यस्थी करण्याची विनंती केली. प्रत्येकाचा मोबदला आपण स्वतः चुकता करू, असा शब्द त्यांनी देताच बैल मिळाले, रसद आली आणि सुमारे ८०,००० कलम (तमिळ धान्यमाप) धान्य किल्ल्यात पोहोचले. आपल्या अंमलदारांनी या पाद्रीला कोठेही अडवू नये, असा हुकूम खुद्द हैदरानेही दिला होता. कंपनी, तंजावर दरबार व त्या दोहोंचा शत्रू यांपैकी प्रत्येकाने ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा, असे पुरुष त्या काळच्या दक्षिणेत विरळाच होते.

सरफोजींचे पालकत्व : १७८७ मध्ये तुळजाजींनी मृत्यूपूर्वी सरफोजी (जन्म १७७७) यांना दत्तक घेतले व त्यांचा सांभाळ करण्याची इच्छा श्वार्ट्‌झ यांच्याजवळ व्यक्त केली. त्याबरोबर देऊ केलेली राज्यकारभाराची मुखत्यारी पाद्रीला शोभणार नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली. गादीवर तुळजाजींचे बंधू अमरसिंह आले. पंडितांचा अभिप्राय घेऊन दत्तकविधान अवैध ठरविण्यात आले आणि सरफोजींच्या शिक्षणाची हेळसांड होऊ लागली. तेव्हा श्वार्ट्‌झ यांनी मद्रास सरकारकडे वारंवार अर्ज-विनंत्या केल्या. परिणामी १७९३ मध्ये सरफोजी तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला आले आणि तेथील मिशनचे पाद्री क्रिस्टिअन विल्हेल्म गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण पुढे चालले. दत्तकाच्या प्रश्नाचा फेरविचार होऊन १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. परंतु हा समारंभ पाहण्यास गुरू हयात नव्हते.

शैक्षणिक कार्य : तंजावरचे रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या सहकार्याने तंजावर, रामनाथपुरम व शिवगंगा येथे इंग्रजी शाळा काढण्यात आल्या, कंपनीच्या संचालकांनी १७८७ मध्ये प्रत्येक शाळेस सालीना २५० होन अनुदान मंजूर केले. उच्चवर्णीय हिंदू मुले या शाळांत येत. भारतीयांच्या शिक्षणास कंपनीने दिलेल्या साहाय्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्यांची गणना होते. श्वार्ट्‌झ यांनी घरी सांभाळलेल्या विद्यार्थ्यांपैकी वेदनायगम् शास्त्री (१७७४–१८६४) हे पुढे तंजावरच्या ख्रिस्ती शाळेचे प्रमुख व विख्यात तमिळ ख्रिस्ती कवी झाले.

स्मारके : कंपनीच्या संचालकांनी जॉन बेकन (धाकटे) यांच्याकडून घडवून घेतलेले संगमरवरी स्मारक मद्रास येथील सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या, १६८० मध्ये उघडलेल्या सेंट मेरी चर्चमध्ये आहे, मृत्युशय्येवरील श्वार्ट्‌झ व त्यांच्याभोवती जमलेले बालविद्यार्थी असा त्यातील शिल्पपटाचा विषय आहे. सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करविलेले दुसरे स्मारक तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये असून त्यात राजा आपल्या मरणोन्मुख गुरूचा हात हाती धरून उभा आहे. कबरीवरील इंग्रजी पद्यही सरफोजींनीच रचले.

मूल्यमापन : तंजावरच्या राजकारणात श्वार्ट्‌झ यांनी केलेली मध्यस्थी अंतिमतः कंपनीचा वरचष्मा वाढविण्यास साहाय्यभूत झाली, आणि चर्चमधील जातिभेद त्यांनी सौम्यपणे चालू दिले, हे दोन आक्षेप त्यांच्यावर घेतले जातात; त्यांपैकी दुसऱ्याचा निकाल एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांना मोठ्या कलहानिशी लावावा लागला. शिक्षक म्हणून त्यांच्या यशाची साक्ष मात्र सरफोजींच्या कारकिर्दीत मिळते. सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार, नवविद्याकलानिधी शाळा आणि देवनागरी मुद्रणालय या उपक्रमांमागील जिज्ञासेचे संस्कार या गुरुकुलात झाले होते. सरफोजी अखेरपर्यंत स्वधर्मात राहिले; धर्मांतर घडविणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या गुरूंनी यामुळे शिष्याविषयीचे ममत्व तिळमात्र उणे केले नाही, आणि शिष्यानेही गुरुऋण उघडपणे मान्य करण्यात कधी संकोच मानला नाही.