एका वहीची मीमांसा

रोज रात्री चार ओळी लिहून ठेवायची सवय मला बरीच वर्षे आहे. वहीला विषयाचे बंधन नाही. नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो ते, पेपरात वाचलेले एखाद्या मंत्र्याचे विधान, भाजीबाजारात ऐकलेला कांद्याचा भाव, रविवारी पाहिलेला सिनेमा, घरामागच्या मंगल कार्यालयाचा आवाज, सगळे एकाच पानावर येते. अशा लिहिण्याला आपण फुटकळ म्हणतो आणि बाजूला ठेवतो. राजकारणावर लिहायचे तर अग्रलेख, सिनेमावर परीक्षण, त्रासाबद्दल वाचकांचे पत्र, अशी कामाची वाटणी ठरून गेलेली आहे. ही वाटणी मला पटत नाही. जुनी पाने चाळताना लक्षात आले की तिन्ही विषयांवरची माझी वाक्ये एकाच साच्याची आहेत. तो साचा मराठी क्रियापदाचा आहे. या लेखात त्याचीच फोड करायची आहे.

आधी ‘त्रास’ म्हणजे काय ते ठरवू. प्रत्येक गैरसोय म्हणजे त्रास नव्हे. एप्रिलमधले नाशिकचे ऊन हे ऊनच आहे. बसथांब्यावर छप्पर नसणे हा त्रास आहे. जो पुन्हा पुन्हा होतो, ज्याच्या मागे कुठेतरी माणसाचा निर्णय किंवा निर्णयाचा अभाव असतो आणि जो टाळता आला असता, तो त्रास. यातले मधले लक्षण सर्वांत महत्त्वाचे आणि ओळखायला सर्वांत अवघड. गोदावरीचा पूर घ्या. पाणी कुठवर आले हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतो: पायाशी, कमरेला, छातीला. घाटावर उभा असलेला माणूस म्हणतो, “पाणी वाढलं.” त्याच वेळी गंगापूर धरणाची बातमी येते, “विसर्ग वाढवला.” वाढले आणि वाढवला. नदी तीच आणि पाणीही तेच, तरी पहिल्या वाक्यात निसर्ग बोलतो आणि दुसऱ्यात एक माणूस दरवाजा उचलताना दिसतो. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात. वरच्या बाजूला पाऊस कोसळत असेल तर पाणी सोडण्याला पर्याय नसतो. पण सराफ बाजारातल्या दुकानदाराला माल वर उचलायला किती वेळ मिळाला, हा प्रश्न दुसऱ्या वाक्यातूनच विचारता येतो. पहिल्या वाक्यात तो विचारायला कोणी उरतच नाही.

मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत: पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, चालणे आणि चालवणे, तुंबणे आणि तुंबवणे. एका बाजूला घटना, दुसऱ्या बाजूला करणी. व्याकरणात आणखी एक प्रकार शिकवतात, भावकर्तृक क्रियापदांचा. ‘उजाडले’, ‘सांजावले’ यांत कर्ता शोधूनही सापडत नाही, कारण तो नसतोच. आपली रोजची कुरकुर बहुतेक वेळा या प्रकाराकडे सरकते. वीज गेली, पाणी आले नाही, रस्ता खचला, भाव पडले. सांज व्हावी तशी ट्रॅफिक होते. भाषा चुकीची नसते, पण ती बोलणाऱ्याला एक सवलत देते: कर्ता शोधण्याच्या कष्टांतून सुटका. तोंडाने बोलताना ही सवलत खपून जाते. लिहिताना, आणि विशेषतः तेच वाक्य महिनाभराने पुन्हा लिहिताना, ती खुपू लागते. वहीचा उपयोग इथे सुरू होतो.

याची खरी परीक्षा कांद्यावर होते, आणि आपल्या जिल्ह्याइतकी ती दुसरीकडे क्वचितच होत असेल. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून झाले होते. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, तीही टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढले आणि शुल्क २० टक्क्यांवर आणले. ते पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ पासून. या काळात लासलगावच्या लिलावात उभा असलेला शेतकरी “भाव पाडले” म्हणत होता आणि त्याचे क्रियापद नेमके होते. पाडणारा कोण, कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, हे सारे दाखवता येत होते.

पण दरवेळी तसे नसते. उन्हाळ कांद्याची आवक एकदम वाढते, चाळीत साठवलेला माल सडण्याच्या भीतीने सगळे एकाच आठवड्यात ट्रॅक्टर बाजार समितीत आणतात आणि भाव उतरतो. तिथे एकच एक पाडणारा दाखवता येत नाही. साठवणुकीची सोय अपुरी का, पीक एकाच वेळी इतके का येते, असे लांबचे कर्ते मात्र असतात. ते शोधायला वेळ लागतो. ‘पाडले’ म्हणायचे की ‘पडले’, हे प्रत्येक वेळी तपासून ठरवावे लागते. जो नेहमीच ‘पाडले’ म्हणतो त्याला प्रत्येक घटनेत कट दिसू लागतो. जो नेहमीच ‘पडले’ म्हणतो त्याला सरकार हवामानासारखे वाटू लागते. राजकीय शहाणपण असे काही असेल तर ते या एका कान्याच्या निवडीत आहे, असे मी मानतो.

कांद्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली. निर्यातबंदीच्या हिवाळ्यात माझ्या वहीतून कांद्याच्या नोंदी गायब झाल्या. आधीच्या महिन्यांत ‘कांदा महागला’ ही ओळ वारंवार होती; मग ती थांबली. निफाड तालुक्यातल्या कोणी शेतकऱ्याने तेव्हा अशी वही ठेवली असती तर तिच्यात कांद्याची तक्रार नेमकी त्याच आठवड्यात सुरू झाली असती. शहरातला भाव किलोत बोलतो, बाजार समितीतला क्विंटलमध्ये. एकाच जिल्ह्यातली ही दोन मापे सहसा एका पानावर येत नाहीत. एका माणसाच्या टिपणांची मोठी मर्यादा हीच: ती त्रास नोंदवतात, सोय नोंदवत नाहीत. सोय झाली की आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची किंमत दुसरा कोणीतरी देत असतो. तेव्हापासून एखादी जुनी तक्रार वहीतून नाहीशी झाली की ती कशामुळे गेली, हेही लिहायचे आणि सोयीचीही नोंद ठेवायची, असा नियम मी केला.

सिनेमाबद्दल थोडक्यात, कारण तिथे साचा पटकन दिसतो. “मराठी सिनेमा चालत नाही,” हे वाक्य सिनेमावाल्यांइतकेच प्रेक्षकांच्या तोंडी असते. चालत नाही, की चालवत नाहीत? २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटाचा खेळ मोक्याच्या वेळी दाखवायला सांगितले. त्यावर वाद झाला आणि दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेतला खेळ, अशी तडजोड निघाली. खेळ कोणत्या वेळी लावायचा हे कोणीतरी ठरवत असते, हे त्या वादामुळे निदान उघड झाले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘सैराट’ने दुसरी बाजू दाखवली: प्रेक्षकांनीही तो चालवला. 

याहून बोलका दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आणि आपल्याच मातीतला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला. त्यात तारामती झाले अण्णा साळुंके, कारण काम करायला स्त्रिया ‘मिळत नव्हत्या’. हे क्रियापद ऐकताना वाटते की हा त्या काळाचा स्वभावच होता. पण त्यानंतरच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मिळत नसत, कारण येऊ दिल्या जात नसत. आणि यायचे ठरवणारी पहिली बाई आली तेव्हा ते ‘मिळत नव्हत्या’ कायमचे खोटे ठरले.

आवाजाचा त्रास मला व्यक्तिशः सर्वांत जास्त होतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासमारंभांसाठी राज्य सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत नेऊ शकते. हे वाचल्यावर माझ्या ‘आवाज होतो’ या ओळीचे तीन तुकडे झाले. कधी आवाज करणारा यजमान असतो, कधी परवानगीच्या वेळेनंतर दुर्लक्ष करणारी यंत्रणा, आणि कधी ती सवलत देणारे सरकार. तिघांकडे जाण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. यजमानाशी बोलता येते, यंत्रणेकडे तक्रार करता येते, सरकारला मत देताना जाब विचारता येतो. कोणाकडे जायचे ते कळेपर्यंत चिडचिड फक्त चिडणाऱ्याला पोखरते.

द्वारका चौकाची गोष्ट वेगळी. मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता तिथे भेटतात. रचना सदोष आहे, सिग्नलला शिस्त नाही, हे खरेच. पण त्या कोंडीत माझी दुचाकीही असते. ‘कोंडी झाली’ हे ‘आम्ही कोंडी केली’ असेही लिहावे लागते. कर्त्याच्या जागी स्वतःचे नाव येण्याची शक्यता ज्या लिहिण्यात मोकळी नाही, ते लिहिणे मला अपुरे वाटते. मराठीत या रीतीचे मूळ मला लोकहितवादींमध्ये दिसते. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांनी लिहिलेली शंभरावर पत्रे, म्हणजे शतपत्रे, ही एका पंचविशीतल्या माणसाची भोवतालच्या सगळ्या विषयांवरची टिपणेच आहेत: राज्यकारभार, विद्या, व्यापार, लग्ने, आळस. राज्य इंग्रजांचे होते, बोट परक्याकडे दाखवणे सोपे होते. त्यांनी बरीचशी पत्रे आपल्याच लोकांकडे, त्यातही आपल्याच जातीकडे, तोंड करून लिहिली.

आता एक हद्द आखली पाहिजे. प्रत्येक गोष्टीला त्रास म्हणणे हाही अन्याय आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले, तेव्हा बाहेर डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही होते. त्या दिवसापर्यंत शहराच्या बोलण्यात ‘अस्पृश्यांना प्रवेश नाही’ एवढेच वाक्य असे. ‘उजाडले’सारखे, कोणाचेच नसलेले. सत्याग्रहाने त्याचा कर्ता सर्वांसमोर उभा केला: हे दरवाजे लावणारी माणसे आहेत, ती आज, इथे, आतून लावत आहेत. ज्याला त्या दरवाजातून रोज जाता येत होते त्याच्या वहीत, त्याने ती ठेवली असती तरी, याची ओळ आली नसती. म्हणून एकाच माणसाच्या टिपणांवर विसंबून शहर समजत नाही. ती टिपणे शेजाऱ्याच्या टिपणांशेजारी ठेवून वाचावी लागतात.

आतापर्यंतची क्रियापदे भूतकाळातली किंवा चालू काळातली होती. भविष्यकाळ आला की कुरकुरीचे रूपच बदलते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या तपोवनातल्या शेकडो झाडांच्या तोडीचा प्रश्न उभा राहिला; २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधूंच्या मुक्कामाचे साधुग्राम करायचे म्हणून. ‘झाडं तुटली’ किंवा ‘तोडली’ यांत फरक कितीही मोठा असला तरी झाड गेलेलेच असते. ‘तोडणार आहेत’ या वाक्यात ते उभे असते. झाडांच्या जतनासाठी १९७५ सालचा राज्याचा कायदा आहे. त्यानुसार तोडण्याआधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि नागरिकांना सात दिवसांत हरकत घेता येते. हरकत हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्रास सोसायचा असतो, तक्रार झाल्यावर करायची असते. हरकत व्हायच्या आधी घ्यायची असते आणि कायद्याला ती ऐकून घ्यावी लागते. वर्षानुवर्षे तपोवनात सकाळी फिरणाऱ्या माणसाने ‘आज सावलीत बरं वाटलं’ अशी ओळ लिहून ठेवली असेल, तर हरकतीच्या अर्जात लिहायला त्याच्याकडे काहीतरी असते: कोणते झाड, कुठे, किती जुने, त्याच्याखाली कोण बसते.

माझ्या वहीत तपोवनाच्या अशा ओळी होत्या. सोयीचीही नोंद ठेवायची, या नियमामुळे त्या राहिल्या होत्या. त्या काढून, तारखा लावून एका कागदावर उतरवल्या, वर ‘हरकत’ असे लिहिले आणि वाक्ये तपासली. एकाही वाक्याचा कर्ता गाळलेला नव्हता.