मानवी तस्करी आणि सीमा यंत्रणांची कायदेशीर जबाबदारी

मानवी तस्करी (राज्यघटनेतील संज्ञा : माणसांचा अपव्यापार) रोखताना सीमा व पोलीस यंत्रणांवर दुहेरी जबाबदारी असते : अनधिकृत प्रवेश रोखणे आणि तस्करीतील पीडित व्यक्ती ओळखून तिला संरक्षण देणे. भारतात अनुच्छेद २३ अन्वये माणसांचा अपव्यापार व वेठबिगारी यांना मनाई आहे.

संकल्पना

संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार फसवणूक, धाक वा बळजबरी करून शोषणाच्या हेतूने व्यक्तीची भरती किंवा वाहतूक करणे म्हणजे तस्करी होय. बालकांच्या बाबतीत फसवणूक वा बळजबरी सिद्ध होणे आवश्यक नसते. पैसे घेऊन एखाद्यास चोरट्या मार्गाने सीमापार नेणे हा वेगळा गुन्हा आहे. तस्करीसाठी सीमा ओलांडली जाणे आवश्यक नाही. भारताने २०११ मध्ये या प्रोटोकॉलला अनुसमर्थन दिले.

भारतीय कायदा

भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार तस्करीस किमान सात वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा आहे आणि पीडित व्यक्तीची संमती गैरलागू ठरते. लोकसेवक किंवा पोलीस अधिकारी स्वतः सामील असल्यास उर्वरित आयुष्यभराचा कारावास होतो. तस्करीची फिर्याद नोंदवण्यास नकार देणे हाही कलम १९९ खाली गुन्हा आहे.

दुसरीकडे, इमिग्रेशन व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ नुसार वैध कागदपत्रांविना प्रवेश करणाऱ्या परदेशी व्यक्तीस पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्यामुळे पीडित व्यक्तीच आरोपी ठरण्याचा धोका असतो. यासंदर्भात केंद्रीय गृह मंत्रालयाने १ मे २०१२ रोजी राज्यांना सूचना दिल्या. तपासात परदेशी महिला स्वेच्छेने आलेली नसल्याचे आढळल्यास तिच्याविरुद्ध दोषारोपपत्र दाखल करू नये, असे त्यांत म्हटले आहे.

शासनाचे उत्तरदायित्व

रेल्वे बोर्ड अध्यक्ष विरुद्ध चंद्रिमा दास (२०००) या खटल्यात हावडा येथील रेल्वेच्या यात्री निवासात बांगलादेशी महिलेवर झालेल्या अत्याचाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दहा लाख रुपयांची भरपाई कायम केली. अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क परदेशी नागरिकांनाही लागू होतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

सोलापूर जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. सोलापूर स्थानक मुंबई–चेन्नई लोहमार्गावर असून शहरातून पुणे–हैदराबाद महामार्ग जातो. राज्यांच्या सीमांवर पारपत्राची तपासणी होत नसल्याने पीडितांची ओळख पटवण्याचे काम प्रामुख्याने लोहमार्ग पोलीस, रेल्वे सुरक्षा बल आणि स्थानिक पोलिसांकडे येते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आढळल्यास त्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करणे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बंधनकारक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार तस्करीतील पीडित व्यक्तीस मोफत विधी सेवेचा हक्क असून त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा पातळीवर ही सेवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दिली जाते.