मोजमाप जिंकल्यानंतरचा ॲम्प्लिफायर

ध्वनियंत्राच्या आवाजापेक्षा त्याच्या रूपावर आणि प्रतिष्ठेवर पैसा खर्च करण्याची प्रथा अमेरिकेत ग्रामोफोनच्या काळापासून दिसते. 1906 मध्ये व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने ‘व्हिक्ट्रोला’ बाजारात आणला, तेव्हा ग्रामोफोनचा कर्णा लाकडी कपाटाच्या पोटात दडवण्यात आला, तो आवाज सुधारावा म्हणून नव्हे, तर दिवाणखान्यात ते यंत्र उंची फर्निचर म्हणून शोभावे म्हणून. आणि 200 डॉलर ही त्या काळची जबर किंमत असूनही त्याला गिऱ्हाईक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर रुजलेली ‘हाय-फाय’ची, म्हणजे मूळ ध्वनीशी इमान राखणाऱ्या पुनर्निर्मितीची, कल्पना मात्र मोजमापावर उभी होती. 1949 मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे स्थिरावलेल्या मॅकिंटॉश कंपनीचा लौकिक, तिच्या व्हॉल्वच्या ॲम्प्लिफायरमध्ये विरूपण, म्हणजे मूळ ध्वनीत नसलेली आणि यंत्राने आपल्या पदरची घातलेली भेसळ, अत्यल्प असे, यावर होता. या दाव्याची जाहीर परीक्षा घेण्याची पद्धत तिने 1962 मध्ये सुरू केली. गावोगावच्या विक्रेत्यांच्या दुकानांत कंपनीचा तंत्रज्ञ उपकरणे घेऊन बसे, लोकांनी आणलेला कोणत्याही कंपनीचा ॲम्प्लिफायर फुकट तपासून देई आणि विरूपणाचा आलेख मालकाच्या हाती ठेवी, त्यामुळे जाहिरातीतील आकडा आणि प्रत्यक्षातील आकडा यांतील अंतर ज्याचे त्याला दिसे. सुमारे तीस वर्षे चाललेला हा उपक्रम या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक प्रकरण मानावा लागेल. वॅटचे फुगवलेले आकडे छापण्यास अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने नियमाने आळा घातला तो 1974 मध्ये, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी.

पण मोजमापाच्या या यशातच त्याचे महत्त्व ओसरण्याचे बीज होते. ट्रान्झिस्टरचे तंत्र सुधारत गेले, तसे साध्या ॲम्प्लिफायरचे विरूपणही कानाला जाणवण्याच्या मर्यादेखाली उतरले; 1987 मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने सुमारे 220 डॉलरच्या रिसीव्हरपासून 12,000 डॉलरच्या व्हॉल्वच्या जोडीपर्यंतची यंत्रे, कोणते वाजत आहे हे न सांगता, श्रोत्यांना ऐकवली, तेव्हा त्यांना ती खात्रीने ओळखता आली नाहीत. सगळीच यंत्रे परीक्षेत उत्तीर्ण होऊ लागल्यावर आकड्यांवरून निवड करणे अशक्य झाले, आणि जी जागा रिकामी झाली ती काचेचे दर्शनी फलक, निळ्या प्रकाशात उजळणारे काट्यांचे मीटर, वजनदार ट्रान्सफॉर्मर आणि घराण्याचे नाव यांनी घेतली. मालकीचा अभिमान मोजमापाशी वैर धरून जन्मला, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

त्याच मॅकिंटॉशचा, दर वाहिनीस 75 वॅट देणारा 1961 मधील ‘एमसी275’ हा ॲम्प्लिफायर 1993 मध्ये पुन्हा बाजारात आला, तो या बदलाचा ठळक पुरावा होय. तेवढी शक्ती आणि त्याहून कमी विरूपण देणारे ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर तोवर पुष्कळ स्वस्तात मिळत होते, आणि घेणाऱ्यांना त्याची माहिती नव्हती असे मानण्याचे कारण नाही. त्यांना हवी होती ती चकचकीत पोलादी बैठक, तिच्यावर उघडे उभे असलेले व्हॉल्व आणि त्यामागची कीर्ती. 2011 मध्ये, मूळ यंत्राला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त, कंपनीने त्याची सोनेरी बैठकीची मर्यादित आवृत्ती काढली.