श्वानाचा वाटा आणि श्वानाचे घर

सालबाईच्या 1782 च्या तहाने पेशवाईच्या गादीवरील हक्क कायमचा गमावून बसलेले रघुनाथराव दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक पदरात घेऊन कोपरगावी येऊन राहिले आणि 1783 च्या डिसेंबरात तेथेच निवर्तले, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु पुण्याच्या दरबारात ज्यांना स्थान उरले नाही आणि इंग्रजांनी गरज होती तोवर सांभाळून गरज सरताच ज्यांना सोडून दिले, अशा पुरुषास ज्या कसब्याने आसरा दिला, त्याच कसब्याच्या वेशीवर, बाजारतळावर आणि घाटावर पिढ्यानपिढ्या हिंडणाऱ्या श्वानास मात्र घास मिळत गेला, घर मिळाले नाही. ही कोपरगावची एकट्याची उणीव नव्हे. घास देणे आणि घर देणे हे दोन वेगळे धर्म होत. त्यांपैकी पहिला आपल्याकडे फार जुना, तर दुसरा अगदी अलीकडचा आहे.

जुन्या गावगाड्यात कुत्रा कोणा एकाच्या मालकीचा क्वचितच असे, आणि तरीही तो सर्वस्वी बेवारस नसे. कुलकर्ण्याच्या दप्तरात त्याच्या नावे वतन नव्हते, बलुतेदारांच्या पंक्तीत त्यास जागा नव्हती. परंतु वैश्वदेवानंतर काढावयाच्या बलीत त्याचा अंश ठरलेला होता, श्राद्धाच्या दिवशी गाय आणि कावळा यांच्याबरोबर त्याचाही घास वेगळा निघे, आणि चंपाषष्ठीस खंडोबापुढे वांग्याचे भरीत व बाजरीचे रोडगे ठेवले म्हणजे देवाचा सोबती म्हणून त्याच्यापुढेही नैवेद्य येई. खंडोबाचे वाघ्ये तर आपण त्या दैवताच्या दारचे श्वान आहोत या भावनेने भुंकत आणि कोटंबा या भिक्षापात्रातील अन्न श्वानवत् भक्षण करीत. कुत्रा उंबरठ्याच्या आत आला तर विटाळ मानणारी गृहिणीच उंबरठ्याबाहेर नित्यनेमाने त्यास भाकरी टाकी, आणि तिला या दोहोंत काही विसंगती वाटत नसे.

घराशी त्याचा संबंध येई तो राखणीपुरता. धनगराचा कुत्रा लांडग्यापासून मेंढरे राखी, कुणब्याचा कुत्रा खळ्यावरचे धान्य राखी, आणि त्या चाकरीच्या मोबदल्यात दोघांसही पोटगी मिळे. अशा व्यवस्थेत जो परक्यावर भुंकत नाही, पोरांनी शेपूट ओढली तरी गुरगुरत नाही आणि अनोळखी पाहुण्याच्या पायाशी जाऊन बसतो, तो गरीब स्वभावाचा कुत्रा निव्वळ निकामी ठरे. सौम्यता हा गाईचा गुण, कुत्र्याचे ते व्यंग, असा लोकव्यवहाराचा निवाडा होता. आणि हा निवाडा अद्याप पुरता रद्द झालेला नाही, हे पुढे दिसेलच.

गुणवंत श्वानाचा गौरव करण्यात मात्र मराठी सत्तेने हात आखडता घेतला नाही. रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या ऐतिहासिकतेविषयी पंडितांत वाद असल्यामुळे ते प्रकरण मी येथे उघडत नाही. परंतु साताऱ्याच्या शाहू छत्रपतींना शिकारीत वाघापासून वाचविणाऱ्या खंड्या कुत्र्यास पालखीचा मान मिळाला अशी परंपरा आहे, आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर संगम माहुली येथे त्याची समाधी दाखविली जाते. पालखी मिळाली ती पराक्रमाबद्दल. ज्याने वाघ पाहिलाच नाही, अशा निरुपद्रवी कुत्र्यास पालखी कोण देणार?

त्या निरुपद्रवी, भुकेल्या, कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या कुत्र्याची बाजू ज्यांनी घेतली, ते शिर्डीचे साईबाबा. शिर्डी हे गाव आज राहाता तालुक्यात मोडत असले तरी त्या काळी ते कोपरगाव तालुक्यात होते, आणि दौंड-मनमाड लोहमार्ग झाल्यावर मुंबईपुण्याकडचे यात्रेकरू कोपरगाव स्थानकावर उतरून टांग्याने गोदावरीपलीकडे शिर्डीस जात. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ओवीबद्ध ग्रंथात श्वानाच्या कथा एकदा नव्हे, अनेकदा येतात. लक्ष्मीबाई शिंदे यांनी बाबांस भूक लागली म्हणून लगबगीने भाकरी करून आणली, आणि बाबांनी ती न चाखताच जवळ बसलेल्या कुत्र्यापुढे ठेवली. बाईंनी तक्रार केली तेव्हा त्याची क्षुधा आणि आपली क्षुधा एकच असल्याचे त्यांनी समजाविले. तर्खडांच्या पत्नीने भर दुपारी दाराशी आलेल्या भुकेल्या कुत्र्यास भाकरी घातली, तर तिच्या या दानाने आपण तृप्त झालो असे बाबा तिला सांगतात. हिवतापाने जर्जर झालेल्या बाळा गणपत शिंप्यास औषध म्हणून सांगितले तेही लक्ष्मीच्या देवळाजवळ काळ्या कुत्र्यास दहीभात घालण्याचे. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व याचे की, या कथांतील एकाही श्वानाने कोणाची राखण केलेली नाही. त्यास अन्न मिळते ते केवळ त्यास भूक लागली म्हणून. चाकरी आणि पोटगी यांची सांगड येथे तुटली. तथापि येथेही प्रश्न घासाचाच राहिला. भाकरी खाऊन तो कुत्रा रात्री कोठे गेला, हे कथेत येत नाही.

निवाऱ्याचा प्रश्न त्याआधीच मुंबईत उभा राहिला होता, आणि तोही दंग्यातून. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने कंपनी सरकारने उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचे फर्मान काढले होते व दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले होते. इनामाच्या लोभाने शिपाई लोकांच्या आवारांत शिरून पाळीव कुत्रीही मारू लागले. पारशी धर्मात श्वानास विशेष स्थान आहे, मृताच्या देहावर त्याची दृष्टी पडावी असा त्यांच्यात विधी आहे. तेव्हा 1832 च्या जूनमध्ये, त्यांच्या एका पवित्र दिवशी हा प्रकार घडताच कोटात पारशी मंडळींनी शिपायांवर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद पडली, आणि कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. मुंबई शहरातील अगदी आरंभीच्या दंग्यांपैकी हा एक, आणि तो कुत्र्यांसाठी झाला, ही गोष्ट आजच्या वाचकास विलक्षण वाटेल. पुढे 1834 मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. आज तिची ओळख गुरांची संस्था अशी असली, तरी तिच्या मुळाशी मोकाट कुत्र्यांच्या कत्तलीविषयीचा संताप होता. त्यानंतर 1874 मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास आळा घालणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली, आणि परळला दिनशा माणकजी पेटिट यांच्या औदार्याने बाई साकरबाईंच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले.

पांजरपोळीने प्राण वाचविला खरा, परंतु तीही शेवटी कोंडवाडाच, जरा दयाळू इतकेच. सरकारी धोरण तर त्यानंतरही दीर्घकाळ निर्मूलनाचेच होते. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यातही मोकाट कुत्री नष्ट करण्याची तरतूद आहे. 2001 च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांनी मारण्याऐवजी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्यास मूळ जागी सोडण्याची पद्धत देशभर घातली, 2023 मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली, आणि 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की, प्राणिप्रेमींनी पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील. घासाचा धर्म पाळणाऱ्या समाजाकडे घराच्या धर्माची अशी उघड मागणी न्यायासनावरून यावी, ही लहान घटना नव्हे.

मधल्या काळात एक नवीच प्रथा शहरांतून रुजली. अपघातातून किंवा उपासमारीतून उचललेल्या कुत्र्यास कायमचे घर मिळेपर्यंत एखादे कुटुंब काही आठवडे वा महिने सांभाळते. मंडळी त्यास ‘फॉस्टर’ ठेवणे म्हणतात. या तात्पुरत्या घरातच त्याच्या स्वभावाची पारख होते. कुकरच्या शिट्टीस तो दचकतो काय, लहान मुलांत कसा वागतो, दिवाळीच्या फटाक्यांत कोठे दडतो, एकटा राहिला तर रडतो काय, हे पिंजऱ्यात कळत नाही, घरातच कळते. पांजरपोळीस जे साधले नाही ते या प्रथेने साधले, असे माझे मत आहे. परंतु कुत्रा सौम्य आहे असे सांगताच विचारावयास आलेला गृहस्थ खालच्या आवाजात पुसतो, ‘भुंकतो तरी का?’ खळ्यावरचा जुना हिशेब अद्याप चालूच आहे. शिवाय जातिवंत पिल्लास दहा मागण्या येतात, आणि तांबूस रंगाचा, चार वर्षांचा, शहाणा गावठी कुत्रा तसाच बसून राहतो.

कोपरगावात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी या दुष्काळी मुलखात ऊस आणला, उसामागून कोळपेवाडी आणि सहजानंदनगरचे कारखाने आले, आणि उसाच्या दाट आडोशाला बिबट्या आला. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा असल्याचे आढळले आहे. वेशीवर भाकरी टाकून आपले कर्तव्य संपले असे मानण्याची सोय आता उरलेली नाही.

म्हणून या तालुक्यातील वाचकांस विनंती इतकीच. कायमचे घर देणे शक्य नसेल तर दोन महिने सांभाळावे. घेणार असाल तर रेबीजच्या लसीचा व निर्बीजीकरणाचा दाखला मागून घ्यावा, प्रौढ आणि गावठी म्हणून नाकारू नये, भुंकत नाही म्हणून तर मुळीच नाकारू नये. आणि रात्री त्यास अंगणात साखळीने न बांधता दाराच्या आत घ्यावे.