तोडलेल्या उसातला साखरचोर

हंगामात कराडला जा, पलूसला जा नाहीतर वाळव्याला. कारखान्याबाहेर ट्रॅक्टरची रांग आणि ट्रॉलीत सुकत चाललेला ऊस. वजन घटतंय हे शेतकऱ्याला कळतं, कारण ते काट्यावर दिसतं. पण दुसरी एक घट काट्यावर दिसत नाही. आज तिच्याबद्दल.

ऊस तोडला म्हणून त्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. त्यांच्यात इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, काम करत राहतं. साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. इन्व्हर्टेज पाणी वापरून ती जोडी फोडतं. गोडी राहते, पण त्या फुटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत. ती जाते मळीत.

तसं हे विकर उसाचा वैरी नाही. कोवळ्या उसाला वाढायला हीच फोडलेली साखर लागते. ऊस पक्व होताना त्याचा जोर ओसरतो, म्हणून तर कांड्यात साखर साठते. तोडणीनंतर मात्र तो पुन्हा वाढतो. त्यात ऊन असेल किंवा ऊस पेटवून तोडलेला असेल तर नुकसान आणखी लवकर होतं.

गंमत म्हणजे विकरांचं शास्त्रच बऱ्याच अंशी या इन्व्हर्टेजवर उभं राहिलं. 1860 मध्ये फ्रान्सच्या बर्थेलोनं ते यीस्टमधून वेगळं काढलं. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडं वळवतं, जोडी फुटली की डावीकडं. या उलट्या वळणावरून हे नाव पडलं. कारखान्याच्या लॅबमध्ये ‘पोल’ काढतात तो याच गुणावर. 1894 मध्ये एमिल फिशरनं यीस्टमधलं हेच विकर आणि बदामातलं एक विकर यांच्यावर प्रयोग करून सांगितलं, की विकर आणि त्याचा रेणू कुलूप-किल्लीसारखे जुळावे लागतात. 1913 मध्ये बर्लिनला मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकराच्या वेगाचं गणित मांडलं, तेही इन्व्हर्टेजवरच. बी.एस्सी.ची पोरं आजही ते पाठ करतात.

आपल्या गुऱ्हाळवाल्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण तोडलेला ऊस ठेवायचा नाही हे पक्कं माहीत होतं. 1910 ला किर्लोस्करवाडी वसली, तिथं लोखंडी चरक तयार होऊ लागले. चरक शेताजवळ होता. मग सहकार आला. वसंतदादांचा सांगलीचा कारखाना, रेठऱ्याचा कृष्णा. या कारखान्यांनी दोन्ही जिल्ह्यांचं नशीब पालटलं, यात वाद नाही. पण फड आणि गव्हाण यांच्यामध्ये अंतर आलं, आणि अंतराबरोबर रांग आली.

सातारा जिल्ह्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र 1932 पासून जास्त साखरेच्या जातींसाठी राबतंय. ती कमाई आपण यार्डात घालवायची का?

आता पैशाचं बोलू. 2009 साली एफआरपी आली तेव्हा पायाभूत उतारा 9.5 टक्के होता. 2018-19 ला 10 झाला, 2022-23 ला 10.25. 2025-26 चा दर 10.25 टक्क्यांना क्विंटलला 355 रुपये, आणि पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. समजा कारखान्यानं पाच लाख टन गाळप केलं, तर उताऱ्यातला हा 0.1 टक्का एक कोटी 73 लाखांचा होतो.

आणि उतारा मोजतात अख्ख्या कारखान्याचा. तुमचा ऊस सकाळी तोडून संध्याकाळी गव्हाणीत पडला आणि दुसऱ्याचा दोन दिवस यार्डात राहिला, तरी दर दोघांना तोच. यात दोष ना त्या शेतकऱ्याचा, ना टोळीचा. तोडणीचा कार्यक्रम कारखाना ठरवतो.

म्हणून मागणी साधी आहे. पावतीवर तोडणीची वेळ टाका आणि गाळपाचीही. दोन्हींमधले सरासरी तास वार्षिक अहवालात छापा. उताऱ्याचा आकडा दोन दशांशांपर्यंत छापता येतो, तर हाही येईल. यंदाच्या सभेत कुणीतरी उठून एवढं विचारा.