‘अमृता’ : एक नाव, तीन वनस्पती आणि कर्करोग

जुन्नरच्या उत्तरेस कुकडीपलीकडे असलेल्या लेण्याद्रीच्या डोंगरातील चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दान केल्याचे तेथील ब्राह्मी लेखावरून कळते. जवळच्या मानमोडी डोंगरातील एका लेखात करंज व वड यांच्यालगतच्या जमिनींच्या दानाची नोंद आहे. या प्राचीन लेखांत वृक्षांची नावे येतात ती जमिनीची खूण म्हणून. औषधी म्हणून नव्हे. ज्या फळावर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांची उपजीविका आजही काही अंशी अवलंबून आहे, त्या हिरड्याचा इतिहास म्हणून शिलालेखांऐवजी शब्दांत शोधावा लागतो.

संस्कृत ‘हरीतकी’चे प्राकृत रूप हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘हरडई’ असे दिले आहे. त्यातील तकाराचा डकार मराठी ‘हिरडा’ व गुजराती ‘हरडे’ या दोहोंत टिकून आहे. आठळी धरण्यापूर्वीच खुडून वाळविलेल्या कोवळ्या फळास मराठीत ‘बाळहिरडा’ म्हणतात. गोव्यात 1563 साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात हिरडावर्गीय फळांवर एक स्वतंत्र संवाद आहे. चरकाच्या रसायनप्रकरणाचा आरंभ हरीतकी व आवळा यांनीच होतो; आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने हरीतकीचे जे सात भेद सांगितले, त्यांपैकी एकाचे नाव ‘अमृता’ होय.

तथापि हेच नाव गुळवेलीसही आहे, आणि सह्याद्रीतील ‘नरक्या’ या झाडासही मराठीत ‘अमृता’ म्हणतात. नरक्याच्या जुन्या लॅटिन नावातील ‘फीटिडा’ या पदाचा अर्थ दुर्गंधी असा आहे. एकाच झाडास नरक आणि अमृत या दोहोंची नावे मिळावीत, ही गोष्ट केवळ कोशकाराच्या कुतूहलाची नाही. नामसाम्यामुळे एका वनस्पतीचे गुण दुसरीस चिकटतात, आणि आजारी माणसाच्या बाबतीत अशी चूक जिवावर बेतू शकते.

रोगनामांचीही गोष्ट अशीच आहे. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ‘अर्बुद’ वर्णिले आहे : वाटोळी, स्थिर, अल्प वेदनेची, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी व न पिकणारी गाठ. ‘कर्करोग’ हा शब्द मात्र अर्वाचीन असून ग्रीक ‘कार्किनोस’ व लॅटिन ‘कॅन्सर’ यांतील खेकड्याच्या कल्पनेचा तो अनुवाद आहे. अर्बुदात आजच्या दृष्टीने निरुपद्रवी ठरणाऱ्या गाठीही मोडतात. उलट रक्ताचा कर्करोग गाठीवाचूनही होतो. म्हणून अर्बुदावरील जुना उपचार हा कर्करोगावरील उपचार होता, असे अनुमान काढता येत नाही.

आधुनिक परीक्षणाने या विषयात दोन भिन्न मार्ग दाखविले. 2002 साली फिनलंडमधील संशोधकांनी हिरड्याच्या अर्कामुळे कर्करोगाच्या पेशींची प्रयोगशाळेतील वाढ मंदावल्याचे प्रसिद्ध केले. त्या परिणामाचे श्रेय त्यांनी प्रामुख्याने चेब्युलिनिक, टॅनिक व एलॅजिक या आम्लांस दिले. परंतु काचपात्रातील पेशी म्हणजे रोगी नव्हे. अशी टॅनिने आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत. तेथील जिवाणू त्यांचे रूपांतर करतात. हिरडा खाल्ल्याने कर्करोग बरा होतो, असे या प्रयोगावरून सिद्ध होत नाही.

दुसरा मार्ग नरक्याचा. नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी व त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी 1966 साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. 1972 साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात आढळले. मूळ द्रव्य रुग्णांस इतके विषारी ठरले की त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक फेरफार करून सिद्ध केलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या औषधांस अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली. येथे उपयोगी पडले ते झाड नव्हे. मोजलेले, शुद्ध केलेले व पारखलेले द्रव्य. तरीही त्या द्रव्याच्या मागणीपायी सह्याद्रीतील नरक्याची बेसुमार तोड झाली.

सारांश, हिरडा, गुळवेल व नरक्या यांचे ‘अमृता’ हे समान नाव त्यांच्या समान गुणांचा पुरावा नव्हे. परंपरेचा आदर करावयाचा तर प्रत्येक नावामागील वनस्पती, प्रत्येक रोगनामामागील लक्षण आणि प्रत्येक गुणामागील प्रमाण वेगवेगळे तपासले पाहिजे. मानमोडीच्या लेखात करंज खूण म्हणून येतो, म्हणून तेवढ्यावरून त्याला कोणी औषध म्हणत नाही. वाचनातील हीच शिस्त वैद्यकग्रंथांसही लावावयास हवी.